बिननावाच्या फायली

कॉम्प्युटर संथ झाला की फॉरमॅट मारायचा, हा आपल्याकडचा ठरलेला इलाज. आधी सगळा डेटा दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचा, मग जुनी डिस्क पुसून किंवा बदलून विंडोज नव्याने टाकायची आणि शेवटी उतरवलेलं परत चढवायचं. हे काम इतक्या ठिकाणी इतकं बिनबोभाट पार पडतं की त्यातल्या एका अडचणीच्या जागेकडे कुणाचं लक्ष जात नाही. जुनी डिस्क पुसली त्या घटकेला बॅकअपची डिस्क बॅकअप राहत नाही. दुसरी प्रत उरलेली नसते, तेव्हा तीच मूळ होते. तिच्यावरची 'बॅकअप' ही चिठ्ठी मात्र तशीच असते, आणि चिठ्ठी वाचून माणसं तिला दुय्यम वस्तूसारखीच वागवत राहतात.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात हेच झालं. मी तिथल्या कार्यकारिणीवर आहे. निवृत्त झालेल्या ग्रंथपाल बाईंनी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, कुणी न सांगता, जुने कागद स्कॅन करायला घेतले होते. कार्यकारिणीच्या इतिवृत्ताच्या वह्या, व्याख्यानमालेचे फोटो, कॅसेटवरून उतरवलेली भाषणं, केव्हाच बंद पडलेल्या हस्तलिखित मासिकाचे अंक, स्मरणिकेच्या डीटीपीच्या फायली. वाचनालयाच्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्का होत्या. कामाची एक आणि बॅकअपची दुसरी, १ टेराबाइटची. कामाची डिस्क रखडायला लागली, म्हणून ती काढून एसएसडी बसवायचं ठरलं. दुरुस्तीला आलेल्या मुलाने तिच्यावरचा सगळा डेटा बॅकअपच्या डिस्कवर ताजा करून घेतला, जुनी डिस्क काढली, नवी लावली आणि विंडोज टाकायला बसला.

विंडोजच्या सेटअपमध्ये कोणत्या डिस्कवर चढवायचं ते विचारणारा एक पडदा येतो. दिसतील ती पार्टिशनं आधी काढून टाकायची, ही बऱ्याच जणांच्या हाताला लागलेली सवय. ती काढली की पडद्यावर उरतं ते 'ड्राइव्ह ०', 'ड्राइव्ह १' आणि पुढे एकेक आकडा. २४० जीबीची एसएसडी तिथे २२३ दिसते आणि १ टेराबाइटची डिस्क ९३१, कारण बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. मोठ्या आकड्यावर क्लिक झालं. नवं पार्टिशन पडलं, फॉरमॅट झाला, फायली चढायला लागल्या, आणि मग त्या मुलाचा हात थबकला. काढून ठेवलेली जुनी डिस्क परत जोडून पाहिली, तर ती नुसती टकटकत होती.

माझा भाचा पुण्याला सर्व्हरच्या कामात आहे. त्याला फोन केला.

"मामा, आधी मशीन बंद करा. आणि त्या डिस्कची वायर काढून ठेवा."

"अरे, पण ती आता कोरी दिसतेय."

"दिसू दे. तिच्यावर यापुढे एक अक्षर लिहिलं जाता कामा नये. कुणी कितीही म्हणालं तरी चालू करून बघू नका."

हा सल्ला साधा वाटतो, पण सगळी मदार त्यावरच असते. हार्ड डिस्कवरची फाइल पुसली जाते म्हणजे बहुतेक वेळा तिची नोंद पुसली जाते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत डिस्कवर एक मोठी यादी असते, तिला मास्टर फाइल टेबल म्हणतात. फाइलचं नाव काय, ती कोणत्या फोल्डरमधली, कधीची आणि डिस्कवर कुठून कुठपर्यंत पसरलेली, एवढं सगळं साधारण १ किलोबाइटच्या एका नोंदीत बसतं. फाइल काढून टाकली की त्या नोंदीवर 'ही जागा मोकळी' अशी खूण होते. क्विक फॉरमॅट म्हणजे ही यादी नव्याने मांडणं. कपाटांतली पुस्तकं जागच्या जागी ठेवून तालिकेच्या कार्डांचा खण तेवढा रिकामा करावा, तसा हा प्रकार. मोकळ्या ठरलेल्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच असतो. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट निराळी. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहीत जातो, आणि मग परतीची वाट उरत नाही. सेटअपमधला फॉरमॅट क्विक होता, हे आमचं नशीब.

भाचा सुट्टीच्या दिवशी आला तो नवी रिकामी डिस्क घेऊनच. आल्या आल्या काहीतरी शोधायला लागेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्याने आधी नक्कल करायला घेतली. डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने बॅकअपच्या डिस्कवरचा एकेक सेक्टर, भरलेला असो की रिकामा, जसाच्या तसा दुसरीकडे उतरवला. वाचनालयाच्या जुन्या मशीनवर हे रात्रभर चाललं. मूळ डिस्क कागदात गुंडाळून कपाटात गेली आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर झाले. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता यावं, हा त्यामागचा हिशेब.

मग जुन्या यादीचा शोध. नव्या विंडोजने आपला पसारा जिथे मांडला होता ती जागा जुन्या यादीच्या बऱ्याच भागावर पडली होती. ज्या नोंदी वाचल्या त्यांच्या फायली नावानिशी, फोल्डरनिशी परत आल्या. बाकीच्यांसाठी फोटोरेक हा प्रोग्रॅम लावला. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रॅमरने तो लिहिला आणि तोही फुकट मिळतो. फोटोरेक यादीकडे पाहतच नाही. तो डिस्क पहिल्यापासून वाचत जातो आणि फायलींच्या तोंडवळ्याच्या खुणा शोधतो. जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पी-डी-एफ ही अक्षरं असतात. वर्डच्या नव्या फायली आतून झिप असतात आणि पी-के या दोन अक्षरांनी सुरू होतात. झिप तयार करणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. अशी खूण दिसली की तिथून पुढचा मजकूर उचलून फोटोरेक वेगळी फाइल करतो. फाइलचे तुकडे डिस्कवर लांब लांब विखुरलेले असतील तर त्याचा अंदाज चुकतो. मग सत्काराच्या फोटोत वरच्या अर्ध्या भागात पाहुणे फेट्यासह नीट दिसतात आणि हारापासून खाली सगळी करडी पट्टी असते.

तरी जे आलं ते अपेक्षेपेक्षा पुष्कळ होतं. वाचनालयात पेढे वाटले गेले. पेढ्याचा कागद टाकायच्या आत पुढचा प्रश्न उभा राहिला. फोल्डर उघडला की 'एफ' हे अक्षर आणि त्यापुढे सात-आठ आकडे, अशा नावांच्या हजारो फायली. फोटोंच्या आत दडलेल्या छोट्या प्रतिमासुद्धा फोटोरेकने वेगळ्या काढल्या होत्या. ब्राउजरने केव्हातरी साठवलेली चित्रं, जाहिराती, बटणं त्यांच्यातच मिसळलेली. इतिवृत्ताचं एक पान, त्यानंतर कुठल्यातरी बँकेचं बोधचिन्ह, त्यानंतर व्याख्यानमालेचा मंडप. तारखांवरून लावावं म्हटलं, तर फाइलच्या आत तारीख होती ती स्कॅन केल्याची. साठ वर्षांपूर्वीचा फोटो आणि गेल्या दशकातली पावती, दोन्ही एकाच आठवड्यातल्या दिसत होत्या.

बाईंना बोलावलं. त्यांनी थोडा वेळ पडदा खाली-वर केला आणि म्हणाल्या, "फोटो सगळे आहेत हो, पण मी नावात लिहिलं होतं सगळं. कोण बसलंय, कोण उभं आहे, कुणाचं भाषण. वेगळी वही नाही केली त्याची."

त्यांच्या या बोलण्यात आमच्या नुकसानीचा खरा हिशेब होता. आम्ही आजवर डेटा म्हणत होतो तो फोटोंना आणि पानांना. बाईंच्या कित्येक वर्षांच्या कामात स्कॅनरचं बटण दाबणं हा सगळ्यात हलका भाग होता. जड भाग होता माणसं ओळखण्याचा, विचारून खात्री करून घेण्याचा, कशानंतर काय ते लावण्याचा. तो सगळा फाइलच्या नावात आणि फोल्डरच्या उतरंडीत जाऊन बसला होता. आणि डिस्कवर सर्वांत आधी आणि सर्वांत सहज जाते ती नेमकी तीच गोष्ट. गिगाबाइटच्या गिगाबाइट मजकूर शाबूत राहिला आणि ज्याने त्याला अर्थ आला होता ते काही मेगाबाइट गेले.

मग ओळख पटवण्याच्या बैठका सुरू झाल्या. जुने सभासद संध्याकाळी येऊन बसत. एकाच चेहऱ्याला तीन नावं मिळत आणि वाद रंगत. एका फोटोत वाचनालयाच्या जिन्यावर दहा-बारा माणसं उभी होती. साल कुणालाच सांगता येईना. कोणी टोप्यांवरून अंदाज बांधला, कोणी चष्म्याच्या फ्रेमवरून. आमचे जुने शिपाईकाका मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "माणसं राहू द्या, कठडा बघा. लाकडी आहे. मी लागलो तेव्हा लोखंडी होता." दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताच्या वह्या काढल्या. जिन्याचा कठडा लोखंडी करण्याच्या खर्चाला मंजुरी दिल्याचा ठराव सापडला आणि फोटो त्याआधीचा हे नक्की झालं. त्याच पानावर उपस्थितांची नावं होती, त्यांतले काही चेहरे फोटोत निघाले. एक बिननावाची फाइल अशी जागेवर बसायला दोन संध्याकाळी, एक शिपाई आणि एक कागदी वही लागली.

मजकूर हाती लागला तरी संगती वेगळी शोधावी लागते, हे नवं नाही. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकात केलेली एक प्रत १२२९ साली प्रार्थनेचं पुस्तक लिहिण्यासाठी खरवडली गेली. चर्मपत्र महाग, म्हणून जुनी शाई काढून त्यावरच नवं लिहायची तेव्हा रीत होती. खरवडताना पानं सुटी केली, आडवी फिरवून दुमडली आणि दुसऱ्या खरवडलेल्या पुस्तकांच्या पानांत मिसळली. डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांनी १९०६ मध्ये इस्तंबूलला ते हस्तलिखित पाहिलं आणि खालची अक्षरं ओळखली. १९९८ मध्ये त्याचा २० लाख डॉलरला लिलाव झाला आणि पुढची दहाएक वर्षं बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात त्यावर काम चाललं. निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात छायाचित्रं घेतली, कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी शाईतलं लोह शोधलं. यंत्रांनी अक्षरं दाखवली. मात्र कोणतं पान कुणाच्या पुढचं, कोणती ओळ कोणत्या सिद्धान्ताची, हे ग्रीक आणि गणित दोन्ही जाणणाऱ्या माणसांना एकेक पान लावून ठरवावं लागलं.

आमच्या स्मरणिकेच्या फायलींनी हाच धडा दुसऱ्या बाजूने दिला. त्या पूर्ण परत आल्या होत्या, एक बाइटही कमी नाही. उघडल्या तर टोप्या घातलेली रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं, अर्धवट कंस. युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपी ज्या फाँटांवर चालायचं, ते इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. काना कुठे, वेलांटी कुठे, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फाइलमध्ये असतात ते नुसते आकडे, आणि त्यांचं मराठी करणारी किल्ली त्या एका फाँटमध्ये. गावातल्या एका बंद पडलेल्या प्रेसच्या मालकांकडे तो फाँट एका सीडीवर निघाला, म्हणून संपादकीय पुन्हा वाचता आलं. सीडी मिळाली नसती तर वाचवलेली फाइल आणि हरवलेली फाइल यांत आमच्या दृष्टीने फरक राहिला नसता.

आणखी एक गोष्ट वर आली, तिची कुणी मागणी केली नव्हती. फोटोरेकला अपघाताने पुसलेलं आणि मुद्दाम पुसलेलं यांत भेद करता येत नाही. जुन्या एका निवडणुकीच्या वेळी कुणीतरी कुणाविरुद्ध लिहिलेला, बहुधा न पाठवलेला अर्ज निघाला. कर्मचाऱ्याच्या घरच्या आजारपणाचे कागद निघाले. कोणीतरी हे विचार करून पुसलं होतं. ते आमच्यासमोर आलं, ते बाकीच्या फायलींइतकंच निर्विकारपणे. बाई म्हणाल्या, "हे वाचायचं नाही," आणि ते वाचल्याशिवाय वेगळं काढता येईना, ही पंचाईत. शेवटी बाईंनी एकट्याने बसून ते निवडलं आणि या खेपेला त्या जागेवर शून्यं लिहून ते कायमचं घालवलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. पण 'डिलीट' म्हणजे पुसलं, अशी समजूत धरून आपण जुने कॉम्प्युटर ज्या सहजतेने मोडीत देतो, ते आठवून मला तेव्हा जरा अस्वस्थ वाटलं. ज्या गुणाने आमचा ठेवा वाचवला, तोच गुण भंगारवाल्याकडे गेलेल्या डिस्कमध्येही असतो.

नाव, क्रम आणि हेतू, या तिन्ही गोष्टी मजकुराबरोबर आपोआप येतात असं आपण धरून चालतो. डिस्क पुसली गेली की कळतं की या गोष्टी माणसांनी बाहेरून लावलेल्या असतात.

शिवाय मजकूर तरी परत येतो हा दिलासा आता फार दिवसांचा नाही. आमची बॅकअपची डिस्क फिरणाऱ्या तबकड्यांची होती म्हणून निभावलं. एसएसडीला 'ट्रिम' नावाची आज्ञा मिळते, अमुक जागा मोकळी झाली म्हणून. ती मिळाली की डिस्क सवडीने त्या जागा स्वतःच साफ करते आणि बाहेरून वाचायला गेलं तर बहुधा शून्यंच हाती येतात. क्विक फॉरमॅटही तिथे पूर्ण पुसण्याइतका पक्का ठरतो. आजच्या फोनमध्ये सगळा मजकूर कुलूपबंद असतो आणि रिसेट केला की कुलपाची किल्लीच नष्ट होते. जुनी डिस्क हळूहळू विसरायची, नवी तत्काळ विसरते. पुसलेलं परत आणण्याच्या कसबावर विसंबण्याचे दिवस सरत चालले आहेत.

मोठ्या संस्थांनाही यातून सूट नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात महासंगणकाच्या बॅकअपची व्यवस्था पाहणाऱ्या स्क्रिप्टमध्ये सुधारणा केली गेली. जुन्या नोंदी साफ करायचं तिचं काम, ते सोडून तिने संशोधनाच्या फायलीच साफ केल्या. ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फायली. १४ संशोधन गटांना झळ बसली आणि त्यांपैकी ४ गटांचा डेटा परत मिळालाच नाही. राखणाऱ्या यंत्रणेनेच घात केला. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम अशाच प्रसंगांसाठी आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. नियम उत्तम आहे आणि तो आम्ही आता पाळतो. पण तो किती प्रती ते सांगतो. प्रतींत काय आहे हे कुठे लिहून ठेवलंय, असं विचारत नाही.

हे ज्यांना सर्वांत आधी सुचायला हवं होतं ते आम्हीच, वाचनालयवाले. पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक पडतो. दाखल नोंदवहीत लेखक, नाव, प्रकाशक, पानं, किंमत, बिल क्रमांक शाईने लिहिले जातात. तोच क्रमांक पुस्तकाच्या आतल्या ठरावीक पानांवरही शिक्क्यासह पडतो, म्हणजे पुठ्ठा निघाला, पहिली पानं गेली, तरी पुस्तक कुठलं ते सांगता येतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयाला नोंदवही अपुरी ठेवून चालत नाही. साध्या कादंबरीसाठी आम्ही ही सगळी उस्तवार करतो. साठ वर्षांपूर्वीच्या फोटोची स्कॅन मात्र कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे नोंदलेलीच आहे, असं धरून बसलो होतो.

आता स्कॅनलाही दाखल क्रमांक मिळतो. फोटोच्या फाइलमध्येच वर्णन लिहायची सोय असते. क्रमांक, साल, माणसांची नावं, ओळख कुणी पटवली, हे तिथे भरलं जातं, म्हणजे बाहेरचं नाव पुसलं गेलं तरी आतलं राहतं. तेच एका वहीत हाताने लिहिलं जातं आणि मूळ फोटोच्या मागे पेन्सिलीने क्रमांक टाकला जातो. वर्षातून एकदा वहीतले कोणतेही आकडे काढून त्या फायली तिन्ही डिस्कांवरून खरोखर उघडून पाहायच्या, असा ठराव झाला आहे. काम कंटाळवाणं आहे. नव्या ग्रंथपाल मुलीची त्यावर कुरकुर असते, आणि ती रास्त आहे, कारण स्कॅन करायला मिनिट लागतं आणि नोंदायला दहा. पण वाचनालयाचं काम म्हणजे ती दहा मिनिटंच. ज्या फोटोंची ओळख अजून पटलेली नाही, त्यांनाही क्रमांक पडला आहे आणि वर्णनाच्या रकान्यात जागा सोडली आहे. डिस्क पुन्हा कधीतरी जाईलच. तेव्हा परत आलेल्या फायली आपण कोण ते निदान स्वतः सांगू शकतील.